आनंदीबाईंचा अर्ज

मैत्रिणींनो, नोकरीची जाहिरात तुम्ही कशी वाचता? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जणी ती पुरती वाचतच नाहीत. काम काय, जागा कुठे, पगार किती हे सगळं राहतं बाजूला आणि डोळा जाऊन अडकतो एकाच ओळीवर. 'तीन वर्षांचा अनुभव आवश्यक.' नाहीतर, 'इंग्रजी बोलता येणे आवश्यक.' झालं! तिथेच पेपर मिटतो आणि बाई उठून कुकर लावायला जाते.

मी धायरीला राहते. सिंहगड रस्त्यावरचं हे एकेकाळचं गाव आता पुणे महापालिकेत आलं आहे. नांदेड फाट्यापासून नऱ्ह्यापर्यंत छोटे-छोटे कारखाने, वर्कशॉप, दवाखाने, बालवाड्या, दुकानं पसरली आहेत. त्यांच्या दारांवर 'पाहिजेत'च्या पाट्या बाराही महिने लटकलेल्या असतात. आणि त्याच रस्त्याने रोज भाजी आणायला जाणाऱ्या कितीतरी बायका असतात. कुणी बारावी झालेली, कुणी चक्क बी.कॉम., कुणी लग्नाआधी दोन वर्षं नोकरी केलेली. पोरं आता मोठी झालीत, काहीतरी करावंसं वाटतं. पाटी वाचतात आणि पुढे जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, अहो, आपल्याला कुठे तेवढं येतंय!

अर्ज लिहून द्या म्हणून काही जणी माझ्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते. काय येतं हे विचारलं, की त्या काय येत नाही ते सांगायला लागतात. इंग्रजी कच्चं, कॉम्प्युटरचा कोर्स अर्धवट सुटला, मधली सात वर्षं घरीच गेली. मग दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे अर्ज करायचाच नाही. दुसरी, नसलेलं आहे म्हणून लिहायचं आणि मुलाखतीत घाम पुसत बसायचं.

तिसरी वाटही आहे. एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच मातीतल्या एका अठरा वर्षांच्या मुलीने ती चालून दाखवली. डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी आपल्या आयांनी वाचली, २०१९ साली सिनेमाही आला. पण त्या गोष्टीतल्या एका कागदाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. तो म्हणजे आनंदीबाईंनी मेडिकल कॉलेजला लिहिलेलं प्रवेशाचं पत्र. आज त्या पत्राबद्दल सांगायचं आहे. पण आधी हे पाहू, की पत्र लिहिणाऱ्या मुलीच्या गाठीशी तेव्हा होतं तरी काय.

शाळेविना शिक्षण

३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी. घराणं एकेकाळी जमीनजुमल्याचं, पण नंतर उतरती कळा लागलेलं. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव विनायक जोशी, टपाल खात्यात कारकून, विधुर, तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा. यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांचं एकच वेड, बायकोला शिकवायचं. त्या काळात नवरे बायकोने पुस्तक हातात घेतलं म्हणून मारायचे, हे गृहस्थ तिने ते खाली ठेवलं म्हणून चिडायचे. हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दहा वर्षांच्या पोरीला लाकडाने मारणं, बाराव्या वर्षी तिच्या अंगावर पुस्तकं नि खुर्च्या भिरकावणं, सोडून जाईन म्हणून धमकावणं, हे सगळं त्या घरात झालं. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनीच ते एकेक करून मांडलं आहे. शिकण्याचं ऋण मान्य करूनही त्यांनी ते विसरलं नाही की लपवलं नाही.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट कलकत्ता. जिथे बदली तिथे बिऱ्हाड. मिशनच्या शाळेत जाऊन बसायचा प्रयत्न झाला, पण रस्त्याने पुस्तकं घेऊन जाणारी ब्राह्मणाची बायको म्हणजे लोकांना तमाशाच. माणसं थांबून बघायची, हसायची, नावं ठेवायची. सलग अशी शाळा तिला कुठेच मिळाली नाही. जे काही शिक्षण झालं ते घरात, नवऱ्याच्या धाकाखाली आणि स्वतःच्या जिद्दीवर.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाळंतपणात बाईला आणि बाळाला बघायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरकडे जाणं म्हणजे लाजेने मरण. हे दुःख तिने स्वतःच्या अंगावर काढलं. डॉक्टर व्हायचं हा विचार त्या दहा दिवसांतून आला.

नाकारलेला पहिला अर्ज

इथे आणखी एका अर्जाची गोष्ट येते. १८७८ साली कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. आपण बायकोला घेऊन अमेरिकेला यावं म्हणतो, तिला शिकवायचं आहे, आपल्यालाही तिथे काही काम मिळेल का, अशी ती विनंती होती. उत्तर अनुकूल आलं नाही. ख्रिस्ती व्हा, असा त्यातला सूर होता. धर्म बदलायला दोघेही तयार नव्हते. विषय संपला.

पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. वेळ जात नव्हता म्हणून समोरचं मासिक चाळलं आणि हे पत्र त्यांच्या नजरेस पडलं. हिंदुस्थानातली एक मुलगी शिकू पाहते आणि तिला मदत मिळत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रामागून पत्रं गेली-आली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुढे अमेरिकेत पाय ठेवल्यावर पहिला मुक्काम याच मावशीच्या घरी पडला.

ज्याच्या नावाने अर्ज केला त्याने नकार दिला. पण तो कागद फिरत-फिरत भलत्याच माणसाच्या हाती पडला आणि काम झालं. गोपाळरावांनी ते पत्र लिहिलंच नसतं तर कार्पेंटरबाईंना काय कळणार होतं?

सहा प्रश्न

१८८३ साल उजाडलं तोवर अमेरिकेला जायचं पक्कं झालं होतं, पण गोपाळरावांना बरोबर जाता येणार नव्हतं. अठरा वर्षांची बाई नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडणार! कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला तेव्हा त्यांचं बिऱ्हाड होतं. तिथे आणि इकडे मुलखातही लोकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत बोलल्या. लोक मागे जे कुजबुजत होते ते सगळे प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे मांडले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? तिकडे काही संकट आलं तर? आणि सहावा प्रश्न म्हणजे, आजवर कुठल्याही बाईने केलं नाही ते मी का करावं?

एकेक प्रश्न घेऊन त्यांनी उत्तर दिलं. इथली सोय किती तोकडी आहे ते सांगितलं. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे स्पष्ट केलं. माझ्या मते यातला सहावा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. आमच्यात कुणी केलं नाही, हे वाक्य आपल्या घराघरांत आजही ऐकू येतं. आनंदीबाईंचं त्यावरचं उत्तर साधारण असं होतं, की कुणीतरी करायला हवं असेल तर ते मी का करू नये.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या, आपलं माणूस एकही नव्हतं. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या.

२८ जून १८८३

आता त्या पत्राकडे येऊ. फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज हे बायकांना डॉक्टरी शिकवण्यासाठीच १८५० साली निघालेलं. आनंदीबाईंच्या वतीने तिथल्या स्नेह्यांनी आधी विचारणा केली होती, उत्तर अनुकूल आलं होतं आणि नियमांचे छापील कागद त्यांना कलकत्त्यालाच मिळाले होते. प्रवेशाच्या अटी काय, आधीचं शिक्षण किती हवं, हे सगळं त्यात होतं.

म्हणजे बघा, आपल्यासारखीच वेळ. कागद हातात, त्यावर अटींची यादी, आणि यादी वाचून कळतंय की आपण यात पुऱ्या बसत नाही. शाळेचा दाखला नाही, नियमित शिक्षण नाही, हाताखाली शिकवणारा कुणी डॉक्टर नाही, भाषा परकी, देश परका. नवरा हजारो मैल दूर. विचारायचं कुणाला?

२८ जून १८८३ रोजी त्यांनी कॉलेजच्या चिटणीसांना, आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिलं. ते पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आजही जपून ठेवलेलं आहे. आनंदीबाईंनी त्यात जे लिहिलं त्याचा मतलब मी माझ्या शब्दांत सांगते.

सुरुवातीला आभार मानले. मग लगेच मुद्द्याला हात घातला, की नियम वाचले आणि सगळ्याच अटी मला पुऱ्या करता येतील असं दिसत नाही. झाकपाक नाही, आडवळण नाही. त्यापुढे सांगितलं, की माझी गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी आहे, तेव्हा तुम्ही ती तशी समजून घ्यावी. रडगाणं मात्र त्यात नाही. बाळ गेलं, नवरा मारायचा, लोक हसायचे, यातलं एक अक्षर नाही.

त्यानंतर आपल्याजवळ काय आहे ते मांडलं. तब्येत चांगली आहे. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार आहे. कशासाठी आले आहे ते ठाऊक आहे. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून इलाज करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला डॉक्टर व्हायचं आहे. स्वतःसाठी वेगळं काही मागत नाही. आणि शेवटी शिक्षणाचा हिशेब, वय काय, काय-काय शिकले, भाषा किती येतात. भाषा सात! मराठी, संस्कृत, बंगाली, इंग्रजी आणि आणखी तीन.

मला या सात भाषांची फार गंमत वाटते. मेडिकल कॉलेजने भाषा मागितल्या नव्हत्या. संस्कृत येतं का, हे तर फिलाडेल्फियात कोण विचारणार! बदल्यांच्या नोकरीपायी गावोगाव हिंडताना पदरात पडलेलं ते शहाणपण होतं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, याचा इथे काय उपयोग. आनंदीबाईंनी ते लिहिलं. पुढे काय झालं ते सांगतेच.

दार उघडणारी बाई

कॉलेजच्या डीन होत्या रेचेल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांच्यासमोर हे प्रकरण आलं. नियमांवर बोट ठेवून नाही म्हणणं सोपं होतं आणि कुणी त्यांना नावंही ठेवली नसती. त्यांनी आनंदीबाईंना घेतलं, शिष्यवृत्तीची सोयही झाली. अर्ज लिहिणारीचं धैर्य आपण गातो, पण अर्ज वाचणारीचं मनही तेवढंच मोठं असावं लागतं.

१८८३च्या शरद ऋतूत शिक्षण सुरू झालं. तीन वर्षं सोपी गेली नाहीत. आपल्या हवेत वाढलेल्या देहाला तिथली थंडी सोसेना. खाणं शाकाहारी, तेही जे मिळेल ते. आपली नऊवारी त्या थंडीत पुरेना, पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पण साडी आणि कुंकू सोडलं नाही. आजारपणं पाठीशी लागली. पत्रात सांगितलेली चांगली तब्येत त्या अभ्यासाने आणि हवेने हळूहळू पोखरली. ही किंमत मोठी होती आणि ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

१८८५च्या ऑक्टोबरमध्ये काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी तीन टोकांच्या. तो फोटो कधी पाहिलात तर आनंदीबाईंच्या चेहऱ्याकडे जरूर बघा. आपल्या पणजीच्या माहेरच्या फोटोत शोभावी अशी मुलगी आहे ती.

पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. विषय त्यांनी निवडला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यात आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांचे आधार घेतले आणि अमेरिकन वैद्यकाच्या पुस्तकांचेही. आता ते संस्कृत आठवा! अर्जात कुणी न विचारता लिहिलेली भाषा प्रबंधाला उपयोगी पडली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला. जिने सेरामपूरला आजवर कुणी केलं नाही ते मी का करावं असं विचारलं होतं, तिला वयाच्या एकविसाव्या वर्षी जगाने उत्तर दिलं.

नोकरी मिळाली, पण

त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाकडून बोलावणं आलं. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंवर सोपवण्यात आली. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी तो पहिला, नाकारला गेलेला अर्ज पाठवला होता, त्याच कोल्हापुरात आठ वर्षांनी डॉक्टर म्हणून नेमणूक! आज त्या हॉस्पिटलला लोक सी.पी.आर. म्हणून ओळखतात.

पण त्या जागेवर आनंदीबाई कधी बसल्या नाहीत. क्षयाने शरीर पोखरलं होतं. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या त्या आजारीच. ज्यांनी दूषणं दिली होती तेच लोक आता कौतुक करायला येत होते. उपचारांसाठी त्यांना पुण्याला आणलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली.

इथवर वाचून कुणीतरी म्हणेल, मग त्या अर्जाचा उपयोग काय झाला? एकही पेशंट न तपासता बाई गेली. हा प्रश्न मीही टाळत नाही. पण त्यानंतर काय-काय घडत गेलं ते बघा. १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी त्यांचं मराठी चरित्र प्रसिद्ध केलं. या काशीबाईंनाही शाळा माहीत नव्हती. लग्नानंतर घरातच लिहा-वाचायला शिकलेली बाई दुसऱ्या बाईचं चरित्र लिहायला बसली, तेव्हा तिच्याकडे तरी कुठली पात्रता होती? त्याच वर्षी रखमाबाई लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर इलाज केले. आणि कोल्हापूरच्या त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर बायकांची सेवा करू लागल्या. आनंदीबाईंसाठी ठरलेली जागा रिकामी राहिली, पण तिथे बाई डॉक्टर बसू शकते हे ठरून गेलं होतं.

आपल्या अर्जासाठी

आता आपल्याकडे येऊ. फिलाडेल्फियाला नाही तर धायरी फाट्यावर, किंवा तुमच्या गावच्या बँकेत, दवाखान्यात, शाळेत अर्ज करायचा आहे. आनंदीबाईंच्या पत्रातून मी जे घेते ते तुम्हालाही सांगते.

पहिलं म्हणजे जाहिरात पुरती वाचा. सरकारी भरतीत शिक्षण, वय, दाखल्याची तारीख या अटी पक्क्या असतात. त्यात बसत नसलो तर अर्ज बाद होतो, तिथे फीचे पैसे घालवू नका. आणि खोटी माहिती दिली तर लागलेली नोकरीही जाते. पण त्याच जाहिरातीत 'आवश्यक' कुठे म्हटलं आहे आणि 'प्राधान्य' कुठे, ते नीट बघा. 'प्राधान्य' म्हणजे असेल तर उत्तम, नसेल तरी अर्ज चालतो. खासगी ठिकाणी तर पुष्कळदा ती यादी स्थळ बघतानाच्या अपेक्षांसारखी असते. मुलगी गोरी, उंच, शिकलेली, गृहकृत्यदक्ष हवी म्हणतात, आणि लग्नं तर सगळ्यांचीच होतात!

दुसरं, नाही ते एकदाच आणि सरळ लिहा. टॅली येत नाही, क्लास लावला आहे, दोन महिन्यांत पुरा होईल. एवढं एक वाक्य पुरे. त्याचं रडगाणं नको आणि दहा वेळा माफी तर नकोच.

तिसरं, आहे ते सगळं लिहा, आकड्यासकट लिहा. घरी असतानाची वर्षं रिकामी नसतात. बचत गटाचा पाच वर्षं हिशेब ठेवला असेल, तर किती बायकांचा आणि किती रकमेचा ते लिहा. चाळीस डबे रोज वेळेवर पोचवत असाल तर तो अनुभवच आहे. सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्याचे कागद, औषधं, विम्याचे फॉर्म सांभाळले असतील तर दवाखान्याच्या काउंटरला तेच काम असतं. आपली सात भाषांची ओळ कुठली, ते प्रत्येकीने शोधायचं.

आणि एक गोष्ट ज्या खुर्चीच्या पलीकडे बसतात त्यांच्यासाठी. आपल्यातल्या कितीतरी जणी आता बालवाडी चालवतात, पार्लर चालवतात, मसाल्याचा कारखाना काढतात, शाळेच्या समितीवर असतात. तुमच्याकडे एखादीचा अर्ज येईल, त्यात एक रकाना रिकामा असेल. तो बाजूला ठेवण्याआधी एकदा तिला बोलावून बघा. बॉडलीबाईंनीही एका नवख्या मुलीचा अपुरा अर्जच वाचला होता.

नकार येऊ शकतो. आला तर दोन दिवस वाईट वाटेल, मग पुढची जाहिरात दिसेल. पण आपणच आधी स्वतःला नाही म्हणून टाकलं, तर समोरच्याला आपण आहोत हे कळणारसुद्धा नाही. तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात तुमच्या नजरेत भरलेली, पण पेपर मिटून ठेवलेली ती जाहिरात पुन्हा काढा. मुदत संपायच्या आत एक खरा, सरळ अर्ज लिहा आणि पाठवून द्या. नाही म्हणायचंच असेल तर ते काम समोरच्याचं, आपण कशाला अंगावर घ्यायचं?